विश्लेषण : विमानप्रवासात गोल्फ स्टिक का मोडतात? प्रवासी केस निवडताना काय पाहावे?

गोल्फचा संच घेऊन विमानाने जाणाऱ्या खेळाडूला दोन काळज्या असतात. बॅग वेळेवर पोहोचेल का, आणि पोहोचली तर आतला ड्रायव्हर शाबूत असेल का? हा संच केबिनमध्ये नेता येत नाही. तो चेक-इन सामानातच द्यावा लागतो आणि तेथून पुढे पट्टे, ट्रॉल्या, विमानाचे पोट असा त्याचा प्रवास खेळाडूच्या नजरेआड होतो. देशांतर्गत प्रवासात सामानाचे नुकसान झाले, तर विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २० हजार रुपयांपर्यंत मर्यादित आहे. नामांकित बनावटीचा एकटा नवा ड्रायव्हरच अनेकदा याच्या दुपटीहून महाग असतो. म्हणजे संच वाचवण्याची खरी जबाबदारी खेळाडूवरच येते. त्यासाठी कोणती केस घ्यावी, ती कशी भरावी आणि नुकसान झालेच तर काय करावे, याविषयी.

संचात नेमके काय असते?

खेळाडू ज्याला ‘क्लब’ म्हणतात, त्यालाच बोलीत गोल्फ स्टिक म्हटले जाते. नियमानुसार एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त १४ स्टिक वापरता येतात. लांब फटक्यांसाठी ड्रायव्हर आणि फेअरवे वूड, मधल्या अंतरासाठी हायब्रिड आणि आयर्न, जवळच्या फटक्यांसाठी वेज आणि हिरवळीवर चेंडू ढकलण्यासाठी पटर, अशी साधारण विभागणी असते.

सगळ्यांत नाजूक असतो ड्रायव्हर. नियमाप्रमाणे त्याचे डोके जास्तीत जास्त ४६० घनसेंटिमीटर आकाराचे असू शकते. ते आतून पोकळ असते आणि बहुतेकदा टायटॅनियम किंवा कार्बन संमिश्राच्या पातळ भिंतींचे बनवलेले असते. दांडा, म्हणजे शाफ्ट, ग्रॅफाइटचा असतो. ग्रॅफाइट शाफ्ट म्हणजे कार्बनचे धागे आणि राळ यांचे थरावर थर. चेंडू मारताना तो वाकतो आणि सरळ होतो, पण आडव्या बाजूने एका जागी जोराचा दाब आला तर तडकतो. आयर्न आणि वेजचे शाफ्ट बहुतेकदा पोलादी असतात. ते सहसा तुटत नाहीत, पण वाकतात. एकदा वाकलेला शाफ्ट पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

शिवाय आज अनेक खेळाडू स्वतःच्या उंचीनुसार आणि स्विंगनुसार संच बनवून घेतात. शाफ्टची लांबी, लवचीकता, डोक्याचा कोन हे सगळे मोजूनमापून ठरवलेले असते. अशी एक स्टिक मोडली तर स्पर्धेच्या गावात तशीच दुसरी मिळणे कठीण असते. कनिष्ठ गटातील खेळाडूंना याचा फटका अधिक बसतो, कारण त्यांच्याकडे अनेकदा एकच संच असतो आणि स्पर्धांसाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात जावे लागते.

स्टिक मोडतात कशा?

गोल्फची भरलेली बॅग लांब आणि अरुंद असते. तिचा खालचा भाग जड आणि भक्कम असतो, वरच्या भागात मात्र स्टिकची डोकी बाहेर आलेली असतात. चाकांवर उभी केलेली अशी बॅग सहज आडवी होते. पडताना वरचे टोक सर्वाधिक वेगाने जमिनीवर आदळते आणि नेमकी तिथेच ड्रायव्हर, वूड यांची डोकी असतात.

दुसरा प्रकार म्हणजे बॅग डोक्यावर उलटी आपटणे किंवा आडव्या बॅगेवर जड सुटकेस रचल्या जाणे. ड्रायव्हर संचात सर्वांत लांब असतो. त्यामुळे वरून येणारा पहिला धक्का त्यालाच बसतो. डोके एका बाजूला ढकलले जाते, शाफ्ट मात्र बॅगेच्या तोंडाशी अडकलेला असतो. लांब पहार जशी तरफेसारखी काम करते, तसाच इथे शाफ्ट करतो. थोडक्या जोरानेही डोके आणि शाफ्ट जिथे जुळतात त्या मानेवर, किंवा बॅगेच्या काठाला शाफ्ट टेकतो तिथे, मोठा ताण येतो. बहुतेक तुटी याच दोन ठिकाणी होतात.

तिसरे नुकसान हळूहळू होते. स्टिक आत सैल असतील तर प्रवासभर त्या एकमेकींवर आपटत राहतात. आयर्नच्या पोलादी डोक्यांनी शेजारच्या ग्रॅफाइट शाफ्टवर ओरखडे पडतात. वरून किरकोळ दिसणारा खोल ओरखडा पुढे मैदानावर ऐन फटक्यात शाफ्ट तुटण्याचे कारण ठरू शकतो.

म्हणजे केसने तीन कामे करायला हवीत : वरून येणारा धक्का डोक्यांपर्यंत पोहोचू न देणे, आडवा दाब सोसणे आणि आतली हालचाल थांबवणे.

सॉफ्ट केस की हार्ड केस?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

सॉफ्ट केस जाड नायलॉन किंवा पॉलिस्टरची असते. संपूर्ण गोल्फ बॅग तिच्यात सरकवायची आणि झिप लावायची. वरच्या भागात फोमचे अस्तर असते, खाली कडक तळ आणि दोन चाके. वजन साधारण तीन ते पाच किलो. रिकामी झाल्यावर ती गुंडाळून कपाटात किंवा हॉटेलच्या पलंगाखाली ठेवता येते. आडवे धक्के ती बऱ्यापैकी पचवते. वरून येणारा थेट दाब मात्र एकट्या फोमला झेपत नाही.

हार्ड केस प्लास्टिकच्या कडक कवचाची असते. एबीएस, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिकार्बोनेट असे वेगवेगळे पदार्थ वापरले जातात. कवच चांगले असेल तर वर रचलेल्या सुटकेसचे ओझे ती सहज पेलते. पण तिच्या तीन अडचणी आहेत. पहिली वजनाची : रिकामी केसच पाच-सहा किलो किंवा त्याहून अधिक भरते. दुसरी जागेची : ती घडी होत नाही. मुंबई-पुण्यातील अनेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, तिथे चार फुटांहून लांब कडक केस मावतच नाही. मग मागची सीट अडते किंवा मोठी गाडी बोलवावी लागते. तिसरी अडचण सहज लक्षात येत नाही. कवच कडक असले तरी आत स्टिक सैल असतील तर त्या कवचावरच आपटतात. हार्ड केस घेतली म्हणून आतले भरणे टाळता येत नाही.

तिसरा प्रकार मिश्र. वरचा, डोक्यांचा भाग कडक कवचाचा आणि खालचा भाग कापडी. जिथे धोका जास्त तिथेच कवच, असा यामागचा विचार. वजन आणि संरक्षण यांत ही केस मधली ठरते. घडी मात्र अर्धवटच होते.

व्यावसायिक खेळाडू सतत प्रवास करतात, तरी त्यांच्यात जाड कापडाच्या सॉफ्ट केस खूप वापरल्या जातात. अमेरिकेतील ‘क्लब ग्लव्ह’ कंपनीच्या केस त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कारण सरळ आहे. भक्कम कापड, नीट भरलेली बॅग आणि आत एक आधारदांडा एवढे असले की बहुतेक प्रवास निभावतो आणि वजनही आटोक्यात राहते.

आधारदांडा म्हणजे काय?

सॉफ्ट केस वापरणाऱ्यासाठी ही सर्वांत उपयोगी वस्तू. छत्रीच्या दांड्यासारखी लांबी कमी-जास्त करता येणारी ही धातूची नळी असते, वर आडवे किंवा गोल टोक असते. ती इतर स्टिकबरोबर बॅगेत उभी करायची आणि तिची उंची ड्रायव्हरपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवायची. बॅग उलटी आपटली तर पहिला मार या दांड्याला बसतो. तो धक्का दांड्यातून थेट बॅगेच्या तळाकडे जातो आणि ड्रायव्हरचे डोके वाचते.

दांड्याची किंमत ड्रायव्हरच्या किमतीच्या तुलनेत अगदी थोडी असते. तो ड्रायव्हरपेक्षा आखूड राहिला तर मात्र त्याचा काहीही उपयोग नाही. आणि तो इतकाही लांब नको की झिप ओढून लावावी लागेल. झिपवर ताण आला तर ती प्रवासात उसवते.

केस घेताना काय तपासावे?

लांबी सर्वांत आधी. आजचे ड्रायव्हर साधारण ४५ ते ४६ इंचांचे, म्हणजे ११४ ते ११७ सेंटिमीटर असतात. त्यावर आधारदांडा आणि वरचे अस्तर धरून आतली लांबी पुरेशी हवी. काही खेळाडू छातीपर्यंत येणारा लांब पटर वापरतात. त्यांनी केस घेण्यापूर्वी पटर मोजून पाहावा. केसची रुंदीही स्वतःच्या गोल्फ बॅगेनुसार बघावी. खांद्यावर नेण्याची पातळ स्टँड बॅग कुठेही मावते, पण गाडीवर ठेवायची जाड कार्ट बॅग प्रत्येक केसमध्ये जात नाही.

कापडाबाबत ‘डेनियर’ हा आकडा लिहिलेला असतो. ९ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. ६०० डेनियरचे कापड अधूनमधून प्रवास करणाऱ्याला पुरते. वारंवार जाणाऱ्याने एक हजार किंवा त्याहून अधिक डेनियरचे, शक्यतो नायलॉनचे कापड पाहावे. मात्र हा आकडा म्हणजे सर्व काही नव्हे. शिवण, झिप आणि कोपऱ्यांवरचे दुहेरी कापड हेही तितकेच महत्त्वाचे. केस फाटते ती बहुधा शिवणीवर.

हार्ड केसमध्ये कवच अंगठ्याने दाबून पाहावे. किंचित लवून परत येणारे प्लास्टिक चांगले. अगदी कडक आणि ठिसूळ प्लास्टिक कोपऱ्यावर आपटले की तडा जातो. बिजागऱ्या आणि कुलुपाच्या कड्या बाहेर आलेल्या नसाव्यात, त्या पट्ट्यात अडकतात.

चाके हा पुढचा मुद्दा. ती मोठी, मऊ रबरी आणि तळात अर्धी आत बसवलेली असावीत. तुटल्यास बदलता येतील अशा स्क्रूवर बसवलेली असतील तर उत्तम. काही केसना घडी होणारे पुढचे पाय आणि त्यांना आणखी दोन चाके असतात, त्यामुळे बॅगेचे सगळे वजन जमिनीवर राहते. लांब विमानतळावर हात आणि खांदा वाचतो, पण केस जड होते आणि मोडू शकेल असा आणखी एक भाग तिला जोडला जातो.

याशिवाय आत बॅग आवळणारे पट्टे, झिपला कुलूप लावता येईल अशी दुहेरी कडी आणि केसच्या दोन्ही टोकांना आणि बाजूला मूठ आहे का, हे पाहावे. मूठ जागोजागी असेल तर सामान चढवणारा ती उचलतो. मूठ नसेल तर केस ओढली किंवा ढकलली जाते.

ड्रायव्हरचे डोके काढून ठेवावे का?

गेल्या दीड दशकातील बहुतेक ड्रायव्हरचे डोके एका स्क्रूने शाफ्टला जोडलेले असते. त्याच्या सोबत मिळणाऱ्या छोट्या टॉर्क पान्याने ते दोन मिनिटांत वेगळे करता येते. डोके वेगळे झाले की तरफच राहत नाही आणि मान तुटण्याचा धोका जवळजवळ संपतो. फेअरवे वूड आणि हायब्रिडची डोकीही निघत असतील तर काढावीत.

काढण्यापूर्वी मानेवरच्या खुणांचा मोबाइलवर फोटो घ्यावा, म्हणजे परत बसवताना कोन बदलणार नाही. डोकी त्यांच्या टोप्यांत घालून कपड्यांत गुंडाळून केसच्या मधल्या भागात ठेवावीत. सुटे शाफ्ट उलटे, म्हणजे मुठीची बाजू वर करून ठेवता येतात. पान्याची जागाही केसमध्येच, केबिन बॅगेत ठेवला तर सुरक्षा तपासणीत तो अडकू शकतो. पान्याशिवाय पोहोचलेला खेळाडू डोके असूनही खेळू शकत नाही. बसवताना पाना ‘टक’ असा आवाज करेपर्यंत फिरवावा. सैल राहिलेले डोके फटक्यासरशी निघून जाऊ शकते.

भरताना काय काळजी घ्यावी?

वूड आणि हायब्रिडवर टोप्या, आयर्नच्या डोक्यांभोवती जाड टॉवेल आणि त्यावरून एक पट्टा. सगळी डोकी एक जुडी झाली की ती एकमेकींवर आपटत नाहीत. उरलेल्या पोकळीत स्वेटर, पावसाळी जॅकेट, मोजे कोंबावेत. बॅग हलवून पाहावी. खडखड ऐकू आली तर आणखी भरावे.

स्टँड बॅगचे पाय पट्ट्याने बांधावेत. त्यांची यंत्रणा पातळ सळ्यांची असते आणि दाबाने वाकते. बूट तळाशी, चाकांच्या बाजूला ठेवावेत म्हणजे वजन खाली राहते.

पावसाळ्यात आणखी एक खबरदारी लागते. विमानात चढवण्यापूर्वी सामान उघड्या ट्रॉलीवर भिजू शकते आणि बहुतेक कापडी केसच्या झिपमधून पाणी आत शिरते. डोक्यांवरून एक मोठी प्लास्टिक पिशवी घालणे हा सोपा उपाय. ओल्या मैदानावर खेळून आल्यानंतर संच तसाच केसमध्ये बंद केला तर वेजवर गंज आणि मुठींवर बुरशी येते. परतीच्या आधी तो पुसून वाळवावा.

वजनाचे गणित कसे जमवायचे?

चौदा स्टिकचे वजन साधारण सहा किलो भरते. हलकी स्टँड बॅग अडीच किलो, सॉफ्ट केस चार किलो. झाले साडेबारा. बूट एक किलो आणि एक डझन चेंडू अर्ध्या किलोहून थोडे जास्त. म्हणजे चौदा किलो. त्याच जागी सहा किलोची हार्ड केस असेल तर आकडा सोळावर जातो. देशांतर्गत प्रवासात अनेक कंपन्यांच्या स्वस्त तिकिटावर १५ किलो चेक-इन सामान मिळते. इथे सॉफ्ट आणि हार्ड यांतला दोन किलोंचा फरक थेट पैशांत मोजावा लागतो. आणि यात कपड्यांची बॅग धरलेलीच नाही.

काही कंपन्या गोल्फचा संच नेहमीच्या वजनमर्यादेत धरतात, काही क्रीडासाहित्य म्हणून वेगळे शुल्क घेतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात जिथे नगांवर सामान मोजले जाते, तिथे इकॉनॉमी तिकिटावर एक नग सहसा २३ किलोंचा असतो. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटर हा नेहमीचा निकष गोल्फ केस पाळूच शकत नाही, कारण तिची एकटी लांबीच सव्वा मीटरच्या घरात असते. अनेक कंपन्या गोल्फसाठी ही अट शिथिल करतात, पण ते गृहीत धरू नये. तिकीट काढण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रीडासाहित्याचे पान वाचावे आणि गरज असल्यास आधी नोंदणी करावी. दोन कंपन्यांची जोड विमाने असतील तर दोन्हींचे नियम पाहावेत. ३२ किलोंहून जड एक नग बहुतेक ठिकाणी घेतला जात नाही.

छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआरसारख्या लहान विमानांत सामानाची जागा कमी असते. मोठा नग मागे राहून पुढच्या विमानाने येण्याची शक्यता तिथे अधिक. स्पर्धा असेल तर किमान एक दिवस हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

केसमध्ये काय ठेवू नये?

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. अंतर मोजणाऱ्या लेझर यंत्राची सुटी बॅटरी गोल्फ बॅगेच्या खिशात राहून जाते आणि तपासणीत केस थांबते. यंत्र केबिन बॅगेतच न्यावे. सिगार पेटवण्याचा लायटरही काढून ठेवावा. विजेवर चालणाऱ्या गोल्फ ट्रॉलीची बॅटरी मोठी असते. १६० वॉट-तासांहून अधिक क्षमतेची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामान म्हणून नेता येत नाही.

खिसे एकदा पूर्ण रिकामे करून पाहणे हाच सोपा मार्ग. अमेरिकेत जाताना तिथल्या सुरक्षा यंत्रणेला उघडता येईल असे मान्यताप्राप्त कुलूपच वापरावे. नाहीतर तपासणीसाठी ते तोडले जाऊ शकते.

नुकसान झाले तर कायदा काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ पासून त्याचा सदस्य आहे. या कराराखाली सामान हरवणे, खराब होणे किंवा उशिरा येणे यासाठी विमान कंपनीची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे विशेष आहरण अधिकार, इतकी आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन असून त्याचा दर रोज बदलतो. रुपयांत ही रक्कम ढोबळमानाने पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष भरपाई सिद्ध झालेल्या नुकसानीइतकीच मिळते. देशांतर्गत प्रवासात हीच मर्यादा २० हजार रुपये आहे.

संच याहून महाग असेल तर चेक-इन करताना त्याचे मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय करारात आहे. मग कंपनीची जबाबदारी जाहीर रकमेपर्यंत वाढते. ही सोय फारशी वापरली जात नाही.

सामान त्याच्या अंगभूत दोषामुळे खराब झाले असेल, तर तेवढ्यापुरती कंपनी जबाबदार नसते. नाजूक किंवा अपुऱ्या वेष्टनातील सामानाला काउंटरवर मर्यादित जबाबदारीचा टॅग लावून प्रवाशाची सही घेतली जाते, ती पुढच्या वादासाठीच. चांगली केस असेल तर कर्मचाऱ्याला तसा टॅग लावण्याचे कारण उरत नाही. सही करण्यापूर्वी टॅगवर काय लिहिले आहे ते वाचावे.

मुदतीही महत्त्वाच्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून सात दिवसांत, तर उशिराची तक्रार सामान ताब्यात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षे आहे. पण यातला सर्वांत महत्त्वाचा कागद विमानतळावरच तयार होतो. बाहेर पडण्यापूर्वी केस उघडावी, प्रत्येक ग्रॅफाइट शाफ्टवरून बोट फिरवावे, मानेपाशी तडा आहे का ते पाहावे. काही आढळले तर तिथल्याच सामान-तक्रार काउंटरवर ‘पीआयआर’ म्हणजे सामानातील अनियमिततेचा अहवाल नोंदवून त्याची प्रत घ्यावी. घरी जाऊन केलेल्या तक्रारीत ‘हे प्रवासातच झाले’ हे सिद्ध करणे अवघड जाते. निघण्यापूर्वी भरलेल्या केसचे आणि प्रत्येक स्टिकचे फोटो, तसेच खरेदीची बिले मोबाइलमध्ये ठेवली तर दावा मजबूत होतो.

प्रवास विमा घेताना क्रीडासाहित्य त्यात धरले आहे का आणि एका वस्तूमागे किती मर्यादा आहे, हे तपासावे. एकूण विमा मोठा दिसतो, पण एका वस्तूची मर्यादा छोटी असू शकते.

परतताना कस्टम्सची अडचण येऊ शकते का?

येऊ शकते. महागडा, नवाकोरा दिसणारा संच घेऊन परदेशातून परतणाऱ्याला तो तिकडे विकत घेतला का, असे विचारले जाऊ शकते. तो भारतातूनच नेला होता हे दाखवता आले नाही तर शुल्काचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. मात्र संच चेक-इन करण्यापूर्वी तो दाखवावा लागतो. त्यामुळे थोडे लवकर पोहोचावे लागते. किमान भारतातील खरेदीचे बिल सोबत असावे.

ट्रॅकरचा उपयोग होतो का?

केस मोडण्यापासून वाचवण्यात नाही, पण शोधण्यात नक्की होतो. २०१४ मध्ये आयरिश ओपनसाठी डब्लिनला पोहोचलेल्या रोरी मॅकिलरॉयची बॅग मागे राहिली होती आणि त्याने समाजमाध्यमावरून विमान कंपनीला त्याबद्दल विचारले होते. नामांकित खेळाडूची ही स्थिती, तर इतरांचे काय? आज नाण्याएवढा ब्लूटूथ ट्रॅकर केसच्या आतल्या खिशात टाकला की बॅग कोणत्या विमानतळावर आहे ते मोबाइलवर कळते. आयफोनच्या आयओएस १८.२ आवृत्तीपासून हे ठिकाण दाखवणारी लिंक विमान कंपनीलाही देता येते आणि अनेक कंपन्यांनी ती स्वीकारण्यास सुरुवात केली आहे. ट्रॅकर बॅगेच्या बाहेर लटकवू नये.

उतरल्यावर केस नेहमीच्या पट्ट्यावर येईलच असे नाही. मोठ्या आकाराच्या सामानाचा वेगळा पट्टा किंवा दरवाजा असतो, तिथेही पाहावे.

संचच न नेण्याचा पर्याय आहे का?

आहे. जपानमध्ये यामातो या कंपनीने १९८४ मध्ये गोल्फचा संच घरातून थेट मैदानावर पोहोचवण्याची कुरिअर सेवा सुरू केली. आज तिथे खेळाडू मोकळ्या हाताने रेल्वेत बसतो. थायलंड, दुबई यांसारख्या पर्यटनस्थळांतील अनेक मैदानांवर चांगले संच भाड्याने मिळतात. सहलीत एक-दोनच फेऱ्या खेळायच्या असतील तर जादा सामानाचे शुल्क, मोठी टॅक्सी आणि धाकधूक यांपेक्षा भाडे स्वस्त पडू शकते. पटर, एखादा वेज आणि बूट स्वतःचे नेऊन बाकीचे भाड्याने घेणे हाही मधला मार्ग. मात्र तेही चेक-इन सामानातूनच न्यावे लागते. स्पर्धा खेळणाऱ्याला आणि डावखुऱ्या खेळाडूला मात्र भाड्याचा संच सहसा पुरत नाही.

मग कोणी कोणती केस घ्यावी?

वर्षातून एखाददुसरी सहल करणाऱ्यासाठी मध्यम किमतीची सॉफ्ट केस, आधारदांडा आणि काढलेले ड्रायव्हरचे डोके एवढे पुरेसे आहे. महिन्या-दोन महिन्यांनी स्पर्धांना जाणाऱ्याने जाड नायलॉनची, चांगल्या चाकांची सॉफ्ट केस घ्यावी. तिच्यावरचा जादा खर्च दोन-तीन वर्षांत वसूल होतो. दोन-तीन विमाने बदलत जाणारा लांबचा प्रवास, न निघणारी जुनी डोकी आणि मोठी गाडी व घरात जागा उपलब्ध असेल, तर हार्ड केस योग्य. वजनमर्यादा आणि संरक्षण दोन्ही सांभाळायचे असेल, तर मिश्र केसचा विचार करावा.

पैसे मोजकेच असतील तर ते कशावर आधी घालावेत, याचा क्रमही ठरलेला आहे. आधी आधारदांडा, मग टोप्या आणि आवळण्याचे पट्टे, त्यानंतर महाग केस. नीट आवळून भरलेली साधी केस अनेकदा सुखरूप पोहोचते. सैल भरलेली महाग केस उघडताना मात्र आत काय दिसेल, याची खात्री देता येत नाही.